एका सरासरीवर किती भरवसा ठेवायचा?

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात मुलं नेमकी कुठे अडतात, हे मला आता पाठ झालं आहे. मध्य, मध्यक, बहुलक इथवर सगळं सुरळीत असतं, कारण दहावीत ते होऊन गेलेलं असतं. प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत या मापाचं, सूत्र जरा लांबडं, पण चार गणितं सोडवली की हात बसतो. मग एक दिवस फळ्यावर ‘स्टँडर्ड एरर’ हा शब्द येतो. पुस्तकी मराठीत ‘प्रमाण त्रुटी’. त्या दिवशी वर्ग गप्प होतो. माना खाली जातात, सूत्र वहीत उतरतं, परीक्षेत ते बरोबर वापरलंही जातं, पण ते कशाचं माप आहे हे बहुतेकांना कळलेलं नसतं. पुढची कॉन्फिडन्स इंटरव्हल, हायपोथेसिस टेस्टिंग, रिग्रेशन ही सगळी प्रकरणं त्या एकाच कल्पनेवर उभी आहेत. ती निसटली की उरलेला पेपर पाठांतराचा होतो. बी.कॉम. असो, अर्थशास्त्र असो की बीबीए, मी हेच पाहत आले आहे. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या एका पायरीलाच दिला आहे.

आधी मागची थोडी उजळणी. किराणा दुकानातली पाच बिलं घ्या: ४०, ६०, ८०, १२० आणि १७०० रुपये. बेरीज २०००, मध्य म्हणजे सरासरी ४००. पण चारशेच्या जवळपासचं एकही बिल या पाचांत नाही. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ८०, आणि साधारण गिऱ्हाईक तेवढ्याचीच खरेदी करतं. म्हणून मध्य टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. अशाच प्रकारची हजार बिलं महिन्यात होणार असतील आणि गल्ल्यात किती जमेल याचा अंदाज हवा असेल, तर चारशेनेच गुणावं लागेल. ऐंशीने गुणलं तर महिनाअखेरीचा हिशेब साफ कोसळेल. काउंटरवर सुटे किती ठेवायचे, पिशव्या कुठल्या मापाच्या आणायच्या, हे ठरवताना मात्र मध्यक कामाचा. दुकानदाराचा प्रश्न कोणता आहे ते आधी विचारा, मग आकडा निवडा.

प्रमाण विचलनाचंही तसंच. दोन दुकानांत दुधाची रोजची सरासरी विक्री ५० लिटर. पहिल्याचे आठवड्याचे आकडे ४८, ५०, ५२, ४९, ५१, ५०, ५०. दुसऱ्याचे ३५, ६५, ४०, ६०, ५०, ३०, ७०. पहिल्याचं प्रमाण विचलन सुमारे १.३ लिटर, दुसऱ्याचं सुमारे १५.५. पहिल्याने रोज ५२ लिटर मागवलं की प्रश्न मिटला. दुसऱ्याने पन्नास मागवलं तर एके दिवशी गिऱ्हाईक हात हलवत परत जातं आणि दुसऱ्या दिवशी दूध नासतं. सरासरी सारखीच, धंदे मात्र अगदी वेगळे.

आता ती पायरी. त्या तासाला मी एक रिकामा डबा आणि पाच चिठ्ठ्या घेऊन वर्गात जाते. समजा, एसटी स्टँडबाहेर वडापावच्या पाच गाड्या आहेत आणि त्यांची रोजची विक्री १००, २००, ३००, ४०० आणि ५०० वडे आहे. खरी सरासरी ३००. पण पाचही गाड्यांवर जायला वेळ नाही. दोनच गाड्या पाहून सरासरी सांगायची आहे. डब्यातून दोन चिठ्ठ्या काढायच्या, सरासरी फळ्यावर लिहायची, चिठ्ठ्या परत डब्यात टाकून डबा पुढच्या बाकावर द्यायचा.

पहिल्या बाकावरच्या मुलीला २०० आणि ५०० येतात. तिची सरासरी ३५०. मागच्या मुलाला १०० आणि २००. त्याची १५०. तिसऱ्याला बरोबर ३००. पंधरा मिनिटांत फळा आकड्यांनी भरतो आणि कोणीतरी विचारतंच, ‘मॅडम, यातलं बरोबर कोणाचं?’ ज्याला १५० आली त्याची बेरीज चुकलेली नाही, भागाकार चुकलेला नाही, चिठ्ठी निवडताना लबाडी झालेली नाही. तरी तो खऱ्या सरासरीच्या निम्म्यावर येऊन थांबला. या ‘चुकी’ला कोणी दोषी नाही. नमुना घेतला की ती येतेच. ‘एरर’ म्हणजे इथे गफलत नव्हे, नमुन्यागणिक आकडा इकडेतिकडे होणं.

पाच चिठ्ठ्यांतून दोनदोनच्या जोड्या दहाच होतात, म्हणून सगळ्या मांडून बघता येतात. त्यांच्या सरासऱ्या अशा: १५०, २००, २५०, २५०, ३००, ३००, ३५०, ३५०, ४००, ४५०. या दहा आकड्यांकडे शांतपणे बघा. यांची स्वतःची सरासरी काढली तर ३००, म्हणजे नेमकी खरी. चिठ्ठ्या १०० पासून ५०० पर्यंत पसरल्या होत्या, सरासऱ्या १५० ते ४५० मध्येच राहिल्या. आणि मधल्या भागात गर्दी झाली. मूळ पाचांपैकी २५० ते ३५० च्या दरम्यान एकच चिठ्ठी होती, सरासऱ्या मात्र दहापैकी सहा आहेत. आता दोनऐवजी चार-चार चिठ्ठ्या काढा. सरासऱ्या येतात २५०, २७५, ३००, ३२५, ३५०. पसारा आणखी आटला.

चिठ्ठ्यांच्या पसाऱ्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. इथे ते सुमारे १४१. सरासऱ्यांच्या पसाऱ्याचं माप म्हणजे स्टँडर्ड एरर. दोन चिठ्ठ्यांसाठी ते सुमारे ८७. मुलं या दोन्हींची गल्लत करतात, कारण सूत्रं एकमेकांना चिकटून असतात. पण पहिलं गाड्यांबद्दल बोलतं, दुसरं आपल्या अंदाजाबद्दल. (सूत्राने, म्हणजे १४१ ला दोनच्या वर्गमुळाने भागून, १०० येतात. सूत्र डबा खूप मोठा आहे असं धरतं आणि आपल्या डब्यात पाचच चिठ्ठ्या आहेत, म्हणून हा फरक.)

याच डब्यात त्या कुप्रसिद्ध ‘एन वजा एक’चंही उत्तर मिळतं. नमुन्यावरून प्रमाण विचलन काढताना एन ने, म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांच्या संख्येने, न भागता एकाने कमी करून का भागायचं? ज्या मुलाला १०० आणि २०० आले, त्याने पसारा कुठून मोजला? स्वतःच्या १५० पासून. तिथून दोन्ही चिठ्ठ्या पन्नास-पन्नासवर. खऱ्या ३०० पासून मोजल्या असत्या तर त्या २०० आणि १०० अंतरावर होत्या. नमुन्याची सरासरी नेहमी नमुन्याच्याच मधोमध बसते, त्यामुळे अंतरं आपोआप लहान दिसतात. भाजक एकाने कमी केला की ही तूट भरून निघते.

खऱ्या आयुष्यात सगळ्या जोड्या मांडता येत नाहीत. आपल्याकडे एकच नमुना असतो, एकच सरासरी. तरीही ती किती हलू शकते हे सांगता येतं, आणि संख्याशास्त्रातली ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. नमुन्याचं प्रमाण विचलन घ्या, नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागा. बिलांचं प्रमाण विचलन २०० रुपये असेल आणि २५ बिलं तपासली असतील, तर स्टँडर्ड एरर ४० रुपये. १०० बिलं तपासली तर २०. दहावर आणायची तर ४०० बिलं. म्हणजे अंदाज दुप्पट नेमका हवा असेल तर मेहनत चौपट. मार्केट रिसर्चचा खर्च ठरतो तो इथे.

वर्गमूळच का? नाणं १०० वेळा उडवलं तर छाप पन्नासपासून साधारण पाचने इकडेतिकडे होतात. १०,००० वेळा उडवलं तर पाच हजारांपासून साधारण पन्नासने. फेकी शंभरपट झाल्या, चढउतार मात्र दहापटच वाढला, कारण काही चढउतार एकमेकांना खोडत जातात. टक्केवारीत बघितलं तर पाच टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर.

यात लोकसंख्येचा, म्हणजे ज्या मोठ्या गटातून नमुना घेतला त्याचा, आकार कुठेच आला नाही, हे लक्षात आलं का? मुलांना हे सहजी पटत नाही. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आजीला ते पटलेलं असतं. पातेलं दोन माणसांचं असो की पंगतीचं, ती चार शितंच दाबून बघते. घरगुती खर्चाची २०२२-२३ ची राष्ट्रीय पाहणी २,६१,७४६ कुटुंबांवर झाली आणि त्यातून ग्रामीण भारताचा दरमहा माणशी खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी भारताचा ६,४५९ रुपये असे आकडे निघाले. १४० कोटींच्या देशाला अडीच लाख कुटुंबं पुरतात, पण एका जिल्ह्याचं वेगळं सांगायचं तर त्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली मोजकी कुटुंबंच हाताशी उरतात आणि अंदाज डळमळतो.

आजीच्या परीक्षेत एक अट दडलेली आहे. भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. तळाला करपला असेल तर वरचं शीत ते सांगणार नाही, आणि वरून शंभर शितं काढली तरी सांगणार नाही. नमुना वाढवला की स्टँडर्ड एरर कमी होते. एकाच बाजूला झुकलेला नमुना वाढवून सरळ होत नाही. हा मुद्दा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला थेट भिडणारा आहे, कारण पीक कापणी प्रयोग हाच मुळी नमुन्याचा खेळ आहे. महसूल मंडळातली मोजकी शेतं निवडायची, शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून, तोलून हेक्टरी उत्पादन काढायचं. हे उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे आधी ठरवून दिलेल्या पातळीच्या, खाली गेलं की नाही, यावर पीकविम्याची भरपाई अवलंबून असते.

या प्रयोगांची पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. फर्ग्युसनमध्ये शिकून ते लंडनला गेले आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी हे काम उभं केलं. कापणीसाठी चौकोन केवढा घ्यायचा यावर त्या काळी मोठा वाद होता. लहान चौकोन स्वस्त पडतो, वेळ वाचतो, म्हणून जास्त शेतं बघता येतात. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं की फार लहान चौकोनातून उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण अगदी साधं आहे. दोरीच्या रेषेवर जे रोप येतं ते आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौकोनाला एक चौरस मीटर जागेमागे चार मीटर काठ असतो. दहा बाय पाचच्या चौकोनाला पन्नास चौरस मीटरमागे तीस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे जेमतेम साठ सेंटिमीटर. काठ जितका जास्त तितकी ओढाताण जास्त. असे लहान चौकोन हजारो आखले तर स्टँडर्ड एरर इवलीशी दिसेल आणि उत्तर तरीही वर झुकलेलंच राहील. कागदावरची स्टँडर्ड एरर हा झुकाव सांगत नाही. तो शोधायला शेतात जाऊन दोरीपाशी उभं राहावं लागतं.

मोजक्या नमुन्यांची आणखी एक अडचण आहे. साधारणपणे सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टँडर्ड एरर इतकं अंतर घेतलं की ९५ टक्क्यांची कॉन्फिडन्स इंटरव्हल होते, असं आपण शिकवतो. म्हणजे हीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरी सरासरी त्या पट्ट्यात सापडते. पण नमुना चारच शेतांचा असेल तर? मग ज्या प्रमाण विचलनाने आपण मोजतोय तेच चार आकड्यांवरून काढलेलं, म्हणजे तेही डळमळीत. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना बार्ली आणि हॉप्सच्या प्रयोगांत नेमकी हीच अडचण यायची, कारण तिथे नमुने लहानच असत. त्यांनी १९०८ मध्ये यावरचं उत्तर छापलं, ते ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, कारण कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती. आज परीक्षेत जोडलेला टी-तक्ता त्यातूनच आला. चार निरीक्षणं असतील तर दोनऐवजी ३.१८ ने गुणायचं, दहा असतील तर २.२६ ने, तीस असतील तर २.०५ ने. तक्ता पाठ करण्यापेक्षा त्याचा उतार बघा. माहिती जितकी तोकडी, पट्टा तितका रुंद. कॉमर्सच्या मुलांना मी आवर्जून सांगते की हे सगळं एका कारखान्यातल्या रोजच्या गरजेतून आलं आहे.

पी-व्हॅल्यूबद्दल थोडक्यात, कारण चिठ्ठ्यांचा डबा समजला असेल तर इथे नवीन फारसं नाही. चहाच्या दुकानदाराने नवा मसाला आणला. दहा जणांना जुना आणि नवा असे दोन्ही चहा न सांगता पाजले, नऊ जणांनी नवा निवडला. योगायोग असू शकेल? असं धरा की दोन्हींत काहीच फरक नाही, प्रत्येकाने जणू नाणं उडवून उत्तर दिलं. मग दहापैकी नऊ किंवा दहा जण नव्याच्या बाजूने जाण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. हीच पी-व्हॅल्यू. ‘फरक नाही’ हे धरून चालल्यावर, जे दिसलं ते किंवा त्याहून टोकाचं दिसण्याची शक्यता. ‘नवा मसाला चांगला असण्याची शक्यता ९९ टक्के’ असा तिचा अर्थ होत नाही, आणि दरवर्षी निम्मे पेपर हेच वाक्य लिहितात. आठ जणांनी निवडला असता तर शक्यता साडेपाच टक्के झाली असती. पी-व्हॅल्यू पाच टक्क्यांच्या खाली आली की योगायोग नाही असं मानायचा रिवाज आहे. एका माणसाच्या आवडीने निकाल त्या पाच टक्क्यांच्या रेषेच्या अल्याडपल्याड होतो, म्हणून त्या रेषेला देव मानू नका.

आता एवढ्या शिदोरीवर रिग्रेशनचा तक्ता वाचता येतो का बघू. समजा, एका दुकानाच्या ३२ महिन्यांच्या आकड्यांवरून जाहिरातीचा खर्च आणि विक्री यांचं नातं काढलं. कॉम्प्युटरने ‘जाहिरात’ या नावापुढे चार आकडे छापले: ४.२, १.४, ३.०, ०.००५. पहिला सांगतो की जाहिरातीवर एक रुपया जास्त गेला त्या महिन्यात विक्री सरासरी ४.२० रुपयांनी जास्त दिसली. पण ३२ महिने हाही नमुनाच. वेगळे ३२ महिने असते तर ४.२ च्या जागी दुसराच आकडा आला असता, जसा प्रत्येक बाकावर वेगळा येत होता. तो साधारण किती हलला असता? १.४. हा दुसरा आकडा, म्हणजे स्टँडर्ड एरर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तिसरा, ३.०. आणि खरं नातं शून्य असतं तर शून्यापासून इतकं दूर जाण्याची शक्यता हा चौथा.

इथे बहुतेक मुलं ‘परिणाम सार्थक आहे’, म्हणजे निव्वळ योगायोग वाटत नाही, असं लिहून पेन खाली ठेवतात. दुकानदाराचं काम मात्र आत्ता सुरू होतं. पट्टा काढा: साधारण १.३ पासून ७.१ पर्यंत. त्याला विक्रीत रुपयामागे २० पैसे सुटत असतील, तर ४.२० रुपयांच्या जादा विक्रीतून ८४ पैसे हाती येतात. जाहिरातीचा रुपयाही वसूल झाला नाही. खरा आकडा ७.१ असेल तर १ रुपया ४२ पैसे, १.३ असेल तर २६ पैसे. म्हणजे नातं आहे यावर फारशी शंका नाही, पण जाहिरात फायद्यात आहे की तोट्यात हे या ३२ महिन्यांवरून ठरत नाही.

शिवाय त्या महिन्यांत दिवाळ्याही आल्या. दिवाळीत जाहिरात वाढते आणि विक्री जाहिरातीशिवायही वाढते. काठावरच्या रोपासारखीच ही वाढ आपण नकळत जाहिरातीच्या चौकोनात ओढलेली असते. दिवाळीचे महिने बाजूला ठेवून तोच तक्ता पुन्हा काढावा लागेल. त्यात ४.२ बहुधा खाली येईल. दुसऱ्या आकड्याचं काय होईल? महिने कमी झाले, आणि जाहिरातीच्या खर्चातला मोठा चढउतारही दिवाळीबरोबर निघून गेला, त्यामुळे तो वाढण्याचीच शक्यता जास्त. तो १.४ वरून २ वर गेला आणि पहिला ४.२ वरून ३ वर आला, तर पट्टा शून्याला ओलांडून खाली उतरतो. हे आकडे कल्पून घेतलेले आहेत. तुमच्या घरचं दुकान असेल तर खरे आकडे वहीत आधीच लिहिलेले असतील.